घोडबंदरच्या वाटेवरील दुहेरी वारसा

ठाण्याच्या माजिवड्यापासून घोडबंदरापर्यंत जाणारा रस्ता एका अंगास येऊरचे डोंगर व दुसऱ्या अंगास खाडी यांच्यामधून जातो. आज त्याच्या कडेला उंच इमारतींची रांग उभी आहे. परंतु बाळकूम, कोलशेत, कासारवडवली, ओवळें हीं नांवें आगरी-कोळ्यांच्या जुन्या वस्तीचीं आहेत. पुढें खाडीच्या मुखाकडे, भाईंदर, डोंगरी, उत्तन या बाजूस, ख्रिस्ती गांवें लागतात. देवळाची घंटा आणि चर्चची घंटा या मुलखांत जवळजवळच ऐकूं येतात. हीं दोन माणसें परकीं आहेत कीं एकाच घरचीं, हा प्रश्न इतिहासाला विचारण्याजोगा आहे.

सन 1534 मध्यें गुजरातच्या बहादूरशहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यांत साष्टी बेट आणि ठाणें आलें. पाठोपाठ फ्रान्सिस्कन व जेझुइट साधु आले. गांवेंच्या गांवें ख्रिस्ती झालीं. तें सर्व स्वखुषीनें झालें असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. अनेक देवळें पडलीं आणि बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या शैव लेण्यांत ख्रिस्ती प्रार्थना होऊं लागली. तथापि बाप्तिस्मा घेतलेल्या कुणब्याचा नांगर तोच राहिला, कोळ्याचें जाळें तेंच राहिलें आणि दोघांची भाषा मराठीच राहिली.

पुढें दोनशें वर्षांनीं फासा पालटला. सन 1737 मध्यें मराठ्यांनीं ठाणें व घोडबंदर घेतलें आणि सन 1739 च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या फौजेपुढें वसई शरण आली. पोर्तुगीजांच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. नाशिकचें नारोशंकराचें देऊळ, भीमाशंकर व वाईजवळील मेणवली येथें त्या आजहि पाहावयास मिळतात. ख्रिस्ती मंदिरासाठीं ओतलेलें कांसें शंकरासमोर वाजतें, हें दृश्य एकाच्या दृष्टीनें विजयाचें, दुसऱ्याच्या दृष्टीनें हानीचें. तरीहि मागें राहिलेल्या ख्रिस्ती रयतेनें आपलें गांव सोडलें नाहीं आणि आपली उपासनाहि सोडली नाहीं. सन 1774 च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हां या रयतेनें तिसरें राज्य पाहिलें.

याच राज्यांत तिला नवें नांव मिळालें. तोंवर लोक तिला पोर्तुगीज ख्रिस्ती म्हणत. नोकरीच्या शोधांत मुंबईस येणारे गोमंतकीय मात्र पोर्तुगालचे प्रजाजन होते. आपण त्यांच्याहून निराळे, येथलेच मूळचे, हें सरकारास दिसावें म्हणून सन 1887 मध्यें, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षीं, या समाजानें 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. नांव इंग्रजी, आडनांव पोर्तुगीज आणि बोली मराठी, असा हा त्रिवेणी संगम आहे.

या ठिकाणीं आयर्लंड व स्कॉटलंड यांचें उदाहरण बोधप्रद ठरेल. गेलिक भाषा आयर्लंडांतून समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेली. सोळाव्या शतकांत धर्मसुधारणेची लाट आली. बहुतेक स्कॉटलंड नव्या पंथाकडे वळलें, बहुतेक आयर्लंड रोमच्या पंथांत राहिलें, आणि त्यापायीं पुष्कळ रक्त सांडलें. परंतु कॅनडासारख्या दूर देशीं गेलेलीं त्यांचीं मुलें एकाच सुरावर नाचूं लागलीं तेव्हां पंथ बाजूस राहिला आणि सूर पुढें आला.

घोडबंदरच्या वाटेवरील सूरहि असाच आहे. ऑक्टोबरांत ख्रिस्ती शेतकरी भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्यें नेऊन 'आगेरा' साजरा करितो. त्याचा हिंदु शेजारी नवान्नाची पूजा करितो. लग्नाच्या आदल्या दिवशीं ईस्ट इंडियन बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि 'उंबराचें पाणी' आणितात. मराठी गाण्यांशिवाय तो विधि पुरा होत नाहीं. लग्नघरीं नारळाचें दूध अंगास लावितात, तेव्हां शेजारच्या हळदीची आठवण होते. उलट पाव, बटाटा, साबण, चावी, पगार हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द प्रत्येक मराठी घरांत बोलले जातात, आणि हापूस आंब्याचें नांवहि तिकडूनच आलें. देणेंघेणें दोन्ही बाजूंनीं झालें आहे.

आज धोका पंथभेदाचा नाहीं, विस्मृतीचा आहे. गांवठाणांभोवतीं शहर दाटलें; शेत गेलें म्हणजे आगेऱ्याची लोंबी बाजारांतून आणावी लागते, आणि विहीर बुजली म्हणजे उंबराच्या पाण्याचें गाणें ओठांवरच थिजतें. मुलें इंग्रजी शाळांत शिकतात व आजीची बोली त्यांस परकी वाटते. पूर्वजांच्या जयपराजयाचे हिशेब मांडीत बसण्यापेक्षां दोन्ही आळींतील वृद्धांनीं एका ओटीवर बसून तीं गाणीं व ते विधि नातवंडांच्या कानीं घालावे, यांत अधिक शहाणपण आहे. घंटा कोणाचीहि असो, तिचा नाद डोंगर आणि खाडी दोघांनाहि सारखाच ऐकूं जातो.