इंजिन हीटर (अवजड यंत्रांसाठी)

इंजिन हीटर : अतिथंड हवेत डिझेल इंजिन सुरू करण्यापूर्वी त्याचा ब्लॉक, कूलंट किंवा ऑइल तापवणारे उपकरण. डोझर, पोकलेन, ग्रेडर, बर्फ कापणारी यंत्रे (स्नो कटर) आणि जनरेटर संच यांना ते बसवतात. कॅनडा, अलास्का, स्कँडिनेव्हिया व सायबेरियात त्याचा वापर सर्रास होतो. भारतात त्याची गरज प्रामुख्याने लडाख आणि हिमालयाच्या इतर उंच पट्ट्यांत भासते. हीटरची निवड इंजिनाच्या आकाराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, यंत्र रात्री जिथे उभे राहते त्या जागेवर अवलंबून असते. तिथे वीज आहे का, पारा किती उतरतो आणि ठिकाण किती उंचीवर आहे, हे आधी पाहावे लागते.

थंडीत इंजिन का अडते : डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टनने दाबलेली हवा ५००° से.च्या वर तापते आणि त्या उष्णतेने इंधन पेट घेते. सिलिंडर गारठलेला असला की ही उष्णता लोखंडात शोषली जाते आणि धुराड्यातून न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर निघतो. त्यातच ऑइल घट्ट होऊन क्रँक फिरायला जड जातो. −१८° से.ला बॅटरीची ताकद निम्म्यापर्यंत घसरते. म्हणजे काम वाढते त्याच वेळी बळ कमी होते. शिवाय घट्ट ऑइल बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लागत असल्याने इंजिन सुरू झाले तरी पहिल्या मिनिटांत झीज फार होते. हीटर इंजिन सुरू करून देतो, तसेच त्याचे आयुष्यही राखतो.

प्रकार : (१) ब्लॉक हीटर : ब्लॉकच्या बाजूच्या एका कोअर प्लगच्या जागी बसणारा, कूलंटमध्ये बुडलेला विजेचा रॉड. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याच्या ग्रँड फोर्क्स येथील अँड्र्यू फ्रीमन यांना इंजिनाच्या हेड बोल्टच्या जागी बसणाऱ्या अशाच हीटरचे पेटंट १९४९ मध्ये मिळाले. हा प्रकार स्वस्त आणि टिकाऊ आहे. (२) टाकी हीटर : इंजिनाबाहेरच्या लहान टाकीत कूलंट तापते, हलके होऊन वर चढते आणि आपोआप फिरते. पंप जोडलेल्या प्रकारात उष्णता सगळीकडे सारखी पोचते, म्हणून मोठ्या इंजिनांना तो बरा. (३) ऑइल हीटर : संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळाला चिकटवायची सिलिकॉनची गादी. तिची उष्णता मोठ्या क्षेत्रावर पसरलेली हवी. एकाच जागी तीव्र आच लागली तर ऑइल करपते. (४) डिझेलवर चालणारा हीटर : यंत्राच्याच टाकीतले थोडे इंधन जाळून कूलंट तापवणारा, स्वतःचा पंप असलेला संच. जर्मनीच्या वेबास्टो आणि एबरस्पेशर या कंपन्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्याला बाहेरची वीज लागत नाही. पंखा, पंप आणि पेटवणीपुरती बॅटरी पुरते.

उष्णतेचा हिशेब : समजा, इंजिनाचे लोखंड १,००० किलो, कूलंट ४० लिटर आणि ऑइल २५ किलो आहे. ते −२५° पासून १५° से.पर्यंत आणायचे, तर सुमारे ७ युनिट उष्णता लागते. दीड किलोवॉटच्या रॉडला त्यासाठी किमान पाच तास हवेत. उघड्यावर वारा असेल तर उष्णता जितकी मिळते तितकीच उडून जाते आणि पारा मधेच अडतो. ९ किलोवॉटचा डिझेल हीटर हेच काम तासाभरात करतो, जेमतेम लिटरभर इंधनात. इंजिन रात्रभर नुसते चालू ठेवले तर याच्या कित्येक पट डिझेल जळते आणि हळू चालणाऱ्या थंड सिलिंडरांत काजळी साचते. इंजिनावर जाड ताडपत्री किंवा गोधडी घातली तर कोणत्याही हीटरचे काम बरेच हलके होते.

निवडीचे निकष : कायम वीज असलेल्या डेपोत ब्लॉक किंवा टाकी हीटर आणि त्याला थर्मोस्टॅट, ही सर्वांत कमी खर्चाची जोडी आहे. रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या यंत्राला डिझेल हीटरच हवा. −२०° च्या खाली ऑइलची गादी आणि बॅटरीचे उबदार आवरण यांची जोड द्यावी. ऑइलही ऋतूनुसार बदलावे : १५डब्ल्यू-४० ची क्रँक फिरवण्याची चाचणी −२०° ला होते, तर ५डब्ल्यू-४० ची −३०° ला.

व्होल्टेजकडे दुर्लक्ष केले की हमखास फसगत होते. उत्तर अमेरिकेतून आलेल्या यंत्रावर १२० व्होल्टचा रॉड असू शकतो. तो भारतातील २३० व्होल्टला जोडला तर जवळपास चौपट वीज खेचून जळतो. उलट २४० व्होल्टचा रॉड १२० व्होल्टवर पाव ताकदीनेच तापतो.

उंचीचा प्रश्न : लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश असतो. साधा डिझेल हीटर अशा विरळ हवेत काजळी धरतो आणि काही दिवसांत बंद पडतो. म्हणून सुमारे १,५०० मीटरच्या वर दीर्घकाळ काम असेल तर उंचीनुसार इंधन कमी करणारी सोय असलेलाच हीटर घ्यावा. विजेच्या हीटरला ही अडचण नसते.

इंधन : इंजिन हीटर इंधनाची टाकी तापवत नाही. भारतीय मानकानुसार साध्या डिझेलच्या प्रवाह-बिंदूची (ज्याखाली ते वाहत नाही त्या तापमानाची) हिवाळी मर्यादा ३° से. आहे. कडक थंडीत त्यातील मेण गोठून फिल्टर तुंबतो आणि इंजिन गरम असूनही बंद पडते. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी −३३° से.पर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल आणले. ते उपलब्ध नसेल तिथे फिल्टर आणि नळीला वेगळा हीटर लागतो.

बसवणी आणि सुरक्षितता : टाकी हीटर इंजिनाच्या खालच्या पातळीवर असावा आणि गरम कूलंटची नळी मधे खाली न झुकता चढत जावी. झुकली तर हवा अडकते आणि अभिसरण थांबते. कूलंट न भरता रॉड चालू केला तर तो काही क्षणांत जळतो. ग्लायकोल आणि पाणी निम्मेनिम्मे ठेवल्यास मिश्रण सुमारे −३७° से.पर्यंत गोठत नाही. ग्लायकोल फार वाढवल्यास रॉडवर थर साचतो. डिझेल हीटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून बंद शेडमध्ये तो चालवू नये आणि त्याचे धुराडे केबिनपासून दूर काढावे. ग्लो प्लग किंवा हवा तापवणारी जाळी असलेल्या इंजिनात ते लवकर सुरू व्हावे म्हणून ईथरचा फवारा कधीही मारू नये. सिलिंडरआधीच स्फोट होऊन इंजिन फुटते, माणूसही जखमी होतो. संपखाली निखारे किंवा स्टोव्ह पेटवण्याची जुनी रीत ऑइल करपवते आणि गळणाऱ्या डिझेलला आग लावते.

भारतातील महत्त्व : श्रीनगर-लेह मार्गावरील ३,५२८ मीटर उंचीच्या झोजिला खिंडीतला बर्फ सीमा सडक संघटनेची बीकन आणि विजयक ही प्रकल्प-पथके दोन बाजूंनी हटवतात. या संघटनेच्या जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्सचे केंद्र पुण्याजवळ दिघी येथे आहे. तिथून शिकून बाहेर पडणारा ऑपरेटर थेट अशा थंडीत जाऊ शकतो, म्हणून हीटरची माहिती त्याच्या प्राथमिक शिक्षणाचाच भाग मानायला हवी. खिंड बंद असताना पलीकडच्या वस्तीला रस्त्याने औषध, धान्य आणि रुग्णवाहिका मिळणे बर्फ हटवणाऱ्या यंत्रांच्या सकाळच्या पहिल्या स्टार्टवर अवलंबून असते. त्यामुळे हीटर कडाक्याची थंडी पडण्याआधी, ऑक्टोबरमध्येच बसवावा, एक रात्र चालवून पाहावा आणि सकाळी कूलंटचे तापमान मोजून मगच यंत्र वर पाठवावे.