डीन अरण्यातील शिल्पपथ

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील डीन अरण्यात, सेव्हर्न आणि वाय या नद्यांच्या दुआबात असलेली पाऊलवाट व तिच्यावरील शिल्पे. लांबी सुमारे ७ किमी. सुरुवात आणि शेवट बीचनहर्स्ट येथे. ब्रिस्टलची आर्नोल्फिनी कलासंस्था व सरकारी वनखाते यांच्या सहकार्याने १९८६ मध्ये खुला झाला. बहुतेक शिल्पे त्या त्या जागेसाठीच घडवलेली आहेत.

पार्श्वभूमी : या भूमीत लोहखनिज व दगडी कोळसा आहे; रोमन काळापासून येथे लोखंड गाळले जाई. भट्ट्यांना लोणारी कोळसा लागे, तो याच अरण्यातील झाडांचा. सेंट ब्रिआव्हल्स हंड्रेड या हद्दीत जन्मलेल्या आणि खाणीत वर्ष व एक दिवस राबलेल्या प्रौढ माणसाला स्वतःची खाण चालवण्याचा परंपरागत हक्क मिळतो. अशा हक्कदारास ‘फ्रीमायनर’ म्हणतात. हक्काचा उगम निश्चित नाही. १८३८ च्या कायद्याने त्याला लेखी रूप दिले. शेवटची मोठी कोळसाखाण १९६५ मध्ये बंद पडली, काही लहान खाणी मात्र टिकल्या. आरमारासाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे ओक लावले गेले. ते जून होईपर्यंत जहाजे लोखंडाची झाली होती.

शिल्पे : यांत डेव्हिड नॅश यांचा ‘ब्लॅक डोम’ (१९८६) सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. लार्चचे शेकडो सोट जाळून काळे केले, टोके काढली आणि जमिनीत दाटीने रोवून बुटका घुमट उभारला. कोळसा पाडणाऱ्यांची मातीने लिंपलेली, आतून धुमसणारी रास ज्याने पाहिली आहे, त्याला हा आकार समजावून सांगावा लागत नाही. जळके लाकूड उशिरा कुजते, पण कुजतेच. शेवाळ आणि पाचोळ्यात विरून जाणे नॅश यांनी रचनेतच धरले होते. जुन्या व्यवसायाची आठवण त्याच व्यवसायाच्या द्रव्यात आणि कृतीत उतरवणारे असे शिल्प या वाटेवर दुसरे नाही.

केव्हिन ॲथर्टन यांची ‘कॅथीड्रल’ (१९८६) ही रंगीत काचेची खिडकी वाटेच्या वर उंच टांगलेली आहे. तिच्यात भोवतालचेच रान चितारले असून दोन्ही बाजूंची झाडे तिचे खांब होतात. कीअर स्मिथ यांचा ‘आयर्न रोड’ (१९८६) म्हणजे बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जागी मांडलेले वीस कोरीव स्लीपर. नेव्हिल गॅबी यांचे ‘रॉ’ (२००१) एका आख्ख्या ओकच्या ठोकळ्यांचे.

ॲनी कॅट्रेल यांचे ‘एको’ (२००८) दगडखाणीच्या कड्याच्या ठशावरून.

माग्दालेना येतेलोव्हा यांचे ‘प्लेस’ (१९८६) हे कॅनप दरीकडे पाहणारे प्रचंड लाकडी आसन लोकांत ‘राक्षसाची खुर्ची’ याच नावाने रूढ होते. लाकूड खचल्याने २०१५ मध्ये ते उतरवण्यात आले.