पुंज-विहिरीतील प्रकाशीय संक्रमणे

पुंज-विहीर म्हणजे जास्त ऊर्जा-अंतराच्या अर्धवाहकांच्या दोन थरांमध्ये असलेला, कमी ऊर्जा-अंतराच्या अर्धवाहकाचा काही नॅनोमीटर जाडीचा थर होय. जाडीच्या दिशेने इलेक्ट्रॉन व विवरे बंदिस्त झाल्याने त्यांना ठरावीक ऊर्जापातळ्याच उपलब्ध असतात. प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन संयुजा पट्टातून संवहन पट्टात जातो. पुढे विवराशी संयोग पावताना तो प्रकाश उत्सर्जित करू शकतो. समान क्रमांकाच्या पातळ्यांमधील संक्रमणे प्रबळ असतात. थर जितका पातळ, तितकी संक्रमणाची ऊर्जा अधिक; म्हणून पदार्थ न बदलता केवळ जाडीने प्रकाशाची तरंगलांबी ठरवता येते. १९७४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रेमंड डिंगल व सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या थरांच्या शोषण-वर्णपटात या पातळ्या दाखवल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही पुंज-विहिरींवर संशोधन झाले आहे. लेझर व एलईडी दिव्यांत त्यांचा उपयोग होतो.