विरोधी पक्षनेता: पद, अधिकार आणि आपला संबंध

आपल्या राज्याचे मुख्यमंत्री कोण, हे शाळेतली मुलेही सांगतात. विधानसभेतील विरोधी पक्षनेते कोण आणि त्यांचे काम काय, असे विचारले तर मोठ्यांनाही थोडे आठवावे लागते. मावला आणि आदिलाबाद परिसरातील मराठी कुटुंबांसाठी मात्र हे पद समजून घेण्यासारखे आहे. संख्येने थोड्या असलेल्या समाजाचा प्रश्न दर वेळी सत्ताधाऱ्यांच्या यादीत असतोच असे नाही. अशा वेळी तो सभागृहात कोण मांडणार आणि सरकारकडून उत्तर कोण मिळवणार, हे महत्त्वाचे ठरते. पदाची ओळख, इतिहास आणि सामान्य नागरिकाला होणारा उपयोग यांची माहिती सभासदांसाठी येथे एकत्र दिली आहे.

पदाची व्याख्या

सरकारमध्ये नसलेल्या पक्षांपैकी ज्याचे आमदार सर्वांत जास्त, त्या पक्षाच्या सभागृहातील नेत्याला अध्यक्ष विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता देतात. म्हणजे दोन गोष्टी लागतात: संख्या आणि अध्यक्षांची मान्यता. मान्यता मिळालेल्या नेत्याला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा, वेतन, कार्यालय आणि कर्मचारी मिळतात. संसदेसाठी असा कायदा १९७७ साली झाला, महाराष्ट्रात १९७८ साली.

संख्या किती हवी, याबद्दल एक-दशांशाचा दंडक सांगितला जातो. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी तो घालून दिला. गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील हे गृहस्थ. सभागृहाची गणपूर्ती एक-दशांश सदस्यांनी होते, तेव्हा मान्यताप्राप्त विरोधी पक्षाकडेही निदान तेवढे सदस्य असावेत, असा त्यामागचा विचार. १९७७ च्या कायद्यात मात्र एक-दशांशाचा उल्लेख नाही. त्यामुळे संख्या कमी पडली की मान्यता द्यायची की नाही, यावर वाद होतात.

हैदराबाद राज्याची विधानसभा

आपल्या भागाचा या पदाशी जुना संबंध आहे. १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५२ साली झाली. १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या आणि बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. कम्युनिस्ट पक्षावर तेव्हा राज्यात बंदी असल्याने त्या पक्षाचे लोक पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावाने उभे राहिले होते. या आघाडीने ४२ जागा जिंकल्या आणि ती मुख्य विरोधी पक्ष बनली.

तिचे नेते होते व्ही. डी. देशपांडे. मातृभाषा मराठी, मतदारसंघ मात्र वरंगल भागातला इप्पगुडा, म्हणजे तेलुगू मुलखातला. तिथल्या मतदारांनी त्यांना निवडून दिले आणि ते विरोधी बाकांचे पुढारी झाले. त्याच सभागृहाचे अध्यक्ष काशीनाथराव वैद्य हेही मराठीच. अध्यक्षांच्या आसनावर एक मराठी माणूस आणि सरकारला जाब विचारायला दुसरा, असे ते सभागृह होते. तिथली भाषणे उर्दू, हिंदी, तेलुगू, मराठी, कन्नड अशा अनेक भाषांत होत.

१९५५ च्या अखेरीस राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालावर याच सभागृहात चर्चा झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात आणि तेलंगणा आंध्र प्रदेशात. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्याचे इस्लापूर सर्कल मुंबई राज्याला मिळाले. नांदेड जिल्ह्यातले मुधोळ, भैंसा आणि कुबेर मात्र तेलंगणाकडे राहिले. आपल्यापैकी अनेकांचे सोयरे आज सीमेच्या पलीकडे आहेत, त्यामागे ही वाटणी आहे.

देशपांडे यांच्या उदाहरणातून एक गोष्ट ध्यानात येते. आपला प्रश्न मांडणारा आपल्याच भाषेचा असावा, असा नियम नाही. तेलुगू शेतकऱ्याचे म्हणणे मराठी माणसाने मांडले. तसेच मराठी शाळेचे म्हणणे तेलुगू भाषक आमदारही मांडू शकतो. त्याच्यापर्यंत ते पोहोचवणे हे आपले काम.

विरोधी पक्षनेता काय करतो?

राज्यपालांच्या अभिभाषणावर आणि अर्थसंकल्पावर सरकारला सविस्तर उत्तर देण्याची पहिली जबाबदारी त्याची असते. तातडीच्या घटनेवर स्थगन प्रस्ताव, एखाद्या खात्याच्या कारभारावर लक्षवेधी सूचना, खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना आणि शेवटचे हत्यार म्हणून अविश्वास प्रस्ताव, ही साधने विरोधी बाकांच्या हाती असतात. सरकारी खर्चाच्या लेखापरीक्षण अहवालांची छाननी लोकलेखा समिती करते. तिचे अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याची प्रथा लोकसभेत १९६७ पासून आहे आणि अनेक राज्यांनी ती स्वीकारली आहे.

सभागृहाबाहेरही त्याला काम असते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानुसार राज्य माहिती आयुक्तांची निवड तिघांची समिती करते: मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेता आणि मुख्यमंत्र्यांनी नेमलेला एक मंत्री. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल, तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला ती जागा मिळते, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. राज्य मानवी हक्क आयोगाच्या निवड समितीतही विरोधी पक्षनेता असतो. तिथे मात्र अशी पर्यायी सोय नाही. जागा रिकामी असली तरी नेमणूक वैध धरली जाते. म्हणजे पद रिकामे राहिले, तर सरकारवर नजर ठेवणाऱ्या आयोगाची माणसे सरकार पक्षाच्याच विचाराने ठरू शकतात.

खुर्ची रिकामी राहते तेव्हा

तेलंगणाच्या विधानसभेत ११९ जागा आहेत. एक-दशांश म्हणजे १२. पहिल्या विधानसभेत, २०१४ नंतर, काँग्रेसचे के. जाना रेड्डी विरोधी पक्षनेते होते. २०१८ च्या निवडणुकीत काँग्रेसचे १९ आमदार आले आणि मल्लू भट्टी विक्रमार्क यांच्याकडे हे पद गेले. पुढे एका आमदाराने खासदार झाल्यावर राजीनामा दिला. उरलेल्या १८ पैकी १२ जण जून २०१९ मध्ये तेलंगणा राष्ट्र समितीत विलीन झाले. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे दोन-तृतीयांश सदस्य विलीन झाले तर त्यांना पक्षांतरबंदी लागू होत नाही. १८ चे दोन-तृतीयांश बरोबर १२. काँग्रेसकडे सहा उरले आणि भट्टी यांचे पद गेले.

पुढचा भाग आपल्या जिल्ह्याशी जोडलेला आहे. मार्च २०२३ मध्ये भट्टी यांनी पदयात्रा काढली, तिची सुरुवात आदिलाबाद जिल्ह्यातील बजारहत्नूर मंडलातल्या पिप्री गावातून झाली. पद नव्हते, तरी ते गावोगाव गाऱ्हाणी ऐकत जुलैमध्ये खम्ममला पोहोचले. डिसेंबर २०२३ मध्ये काँग्रेसचे सरकार आले आणि ते उपमुख्यमंत्री झाले. त्या निवडणुकीत काँग्रेसला ६४ आणि भारत राष्ट्र समितीला ३९ जागा मिळाल्या, के. चंद्रशेखर राव विरोधी पक्षनेते झाले. दहा वर्षे मुख्यमंत्री राहिलेला माणूस विरोधी बाकांवर आणि विरोधी बाकांवरचा माणूस मंत्रिमंडळात, अशी ही अदलाबदल.

मावला ज्या आदिलाबाद मतदारसंघात येते, तिथून २०२३ मध्ये भारतीय जनता पक्षाचे पायल शंकर निवडून आले. म्हणजे निकालानंतर आपले आमदार विरोधी बाकांवर बसले, पण विरोधी पक्षनेत्याच्या पक्षाचे नव्हते. विरोधी पक्षनेता एकच असला तरी प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक आमदाराला असतो, सत्ताधारी बाकांवरच्यालाही.

महाराष्ट्रात शेतकरी कामगार पक्षाचे कृष्णराव धुळप १९६२ ते १९७२ अशी सलग दहा वर्षे विरोधी पक्षनेते होते. त्याच विधानसभेत २०२४ च्या निवडणुकीनंतर ही खुर्ची रिकामी राहिली. २८८ चा एक-दशांश २९ होतो आणि सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे २० च आमदार होते.

आपल्या प्रश्नासाठी उपयोग कसा करावा?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे. समजा, एखाद्या गावच्या मराठी शाळेत शिक्षकाची जागा भरली गेलेली नाही. ‘मराठी शाळांकडे दुर्लक्ष होत आहे’ असे निवेदन दिले, तर त्यावर ‘लक्ष देऊ’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी पुढील क्रमाने जावे.

पहिले, माहितीच्या अधिकारात अर्ज करून मंजूर पदे, भरलेली पदे आणि पटसंख्या लेखी घ्यावी. दुसरे, ती कागदपत्रे जोडून आपल्या आमदारांना भेटावे आणि तारांकित प्रश्न विचारण्याची विनंती करावी. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. तिसरे, त्याच कागदांची एक प्रत विरोधी पक्षनेत्याच्या कार्यालयालाही पाठवावी. अर्थसंकल्पावरील भाषणासाठी त्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून असे आकडे हवेच असतात. चौथे, मंत्र्यांनी दिलेले आश्वासन तारखेसह टिपून ठेवावे. सभागृहातील आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती असते.

अनुच्छेद २१० मध्ये आणखी एक तरतूद आहे. ज्या सदस्याला सभागृहाच्या भाषांत आपले म्हणणे नीट मांडता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. हैदराबादच्या विधानसभेत मराठी ऐकू येत होती. आजही तिला दार बंद नाही.

सत्तेवर कोण असावे, हे प्रत्येकाने आपापल्या मताने ठरवावे. निवडणुकीनंतरची पाच वर्षे मात्र विचारणाऱ्यांची असतात. घरातल्या मुलांना मुख्यमंत्र्यांच्या नावाबरोबर विरोधी पक्षनेत्याचे नावही सांगावे, आणि आपल्या गावचा एखादा प्रश्न सभागृहात आला की त्याचे उत्तर काय मिळाले, हे सगळ्यांनी मिळून वाचावे.