‘डेरिंग-डू’ : एका शब्दाची कुळकथा

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. शब्दांच्या बाबतींत मात्र हा निर्बंध विद्वानांनीं कधींच पाळला नाहीं. आणि पाळला असता, तर कित्येक मनोरंजक कथांना आपण मुकलों असतों. इंग्रजी काव्यांत व अद्भुतरम्य कादंबऱ्यांत आढळणाऱ्या ‘डेरिंग-डू’ या शब्दाची कथा अशांपैकींच एक आहे. जिवावर उदार होऊन गाजविलेली मर्दुमकी, असा त्याचा अर्थ. तो कानीं पडतांच चिलखतें, भाले आणि वेढा पडलेले किल्ले डोळ्यांपुढें उभे राहतात. असा भारदस्त शब्द जुन्या इंग्रज वीरांच्या तोंडीं असलाच पाहिजे, असें कोणालाही वाटेल. परंतु ज्या काळाचें स्मरण तो करून देतो, त्या काळीं हा शब्द अस्तित्वांतच नव्हता.

इंग्रजी काव्याचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो, त्या चॉसरनें इ. स. १३८५ च्या सुमारास ‘ट्रॉयलस आणि क्रिसेड’ हें दीर्घकाव्य रचलें. वीराला जें शोभेल तें करण्यास धजण्यांत आपला नायक कोणाहूनही कमी नव्हता, असें त्यानें त्याच्या पांचव्या सर्गांत म्हटलें आहे. यांतील ‘करण्यास धजणें’ एवढ्याच अर्थाचे त्याचे दोन शब्द ‘डॉरिंग डॉन’ असे आहेत. पहिलें ‘डेअर’ या क्रियापदाचें रूप, दुसरें ‘डू’ या क्रियापदाचें. ‘डेअर’चें नातें संस्कृत ‘धृष्’ धातूशीं जुळतें. तेव्हां आपले ‘धृष्ट’ आणि ‘धीट’ हे शब्द त्याचे दूरचे भाऊबंदच होत. चॉसरच्या वाक्यांत पराक्रमवाचक असें नाम मात्र कोठेंच नाहीं.

चॉसरला गुरुस्थानीं मानणारा जॉन लिडगेट हा बरी सेंट एडमंड्स येथील मठांतला संन्यासी. त्यानें १४१२ ते १४२० या काळांत ट्रॉयच्या युद्धावर मोठें काव्य लिहिलें आणि गुरूच्या या शब्दांचें अनुकरण केलें. परंतु चॉसरच्या वाक्यांत ‘काय करण्यास’ हें पुढें स्पष्ट होतें. लिडगेटच्या वाक्यांत तो धागा सुटला आणि दोन्ही शब्द एकटे पडले. पुढें १५१३ सालीं हें काव्य छापून निघालें, तेव्हां ‘डॉरिंग’मधील एक स्वर बदलून ‘डेरिंग’ झालें. १५५५ च्या आवृत्तींतही तेंच राहिलें.

अशा वेषांतर केलेल्या स्थितींत ही जोडी एडमंड स्पेन्सरच्या दृष्टीस पडली. स्पेन्सर जुन्या शब्दांचा मोठा षौकी. १५७९ सालीं त्यानें ‘शेफर्ड्स कॅलेंडर’ प्रसिद्ध केलें, त्यांत ‘डेरिंग-डू’ हें नाम समजूनच योजलें, आणि ‘ई. के.’ या आद्याक्षरांनीं सही करणाऱ्या टीकाकारानें ‘पौरुष आणि क्षात्रवृत्ति’ असा अर्थ देऊन त्यावर शिक्कामोर्तब केलें. हें काव्य ज्याला अर्पण केलें होतें, त्या सर फिलिप सिडनीलाही त्यांतील जुनाट भाषा रुचली नाहीं; पण स्पेन्सरनें आपला छंद सोडला नाहीं. ‘फेअरी क्वीन’ या महाकाव्यांत त्यानें हा शब्द पुन्हा वापरला आणि त्यावरून कर्तृवाचक रूपही घडविलें.

यानंतर तो पुन्हा उजेडांत आणला सर वॉल्टर स्कॉटनें. १८१९ च्या डिसेंबरांत निघालेल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरींत जखमी नायक किल्ल्यांत पडून आहे, रिबेका खिडकींतून बाहेरच्या चढाईचें वर्णन करीत आहे, आणि काळ्या चिलखतांतील योद्ध्याचा पराक्रम ऐकून आयव्हॅन्होच्या तोंडून हा शब्द निघतो. कथा बाराव्या शतकाच्या अखेरची. शब्द मात्र सोळाव्या शतकांतला! तेव्हांपासून तो इंग्रजींत रुळला. या सर्व स्थित्यंतरांचा छडा ऑक्सफर्डच्या बृहत्कोशानें लावला. ‘डी’ अक्षराचा समावेश असलेला त्याचा खंड १८९७ सालीं पुरा झाला.

आतां प्रश्न असा कीं, चुकींतून जन्मलेला हा शब्द खोटा म्हणून टाकून द्यावा काय? आमच्या मतें नाहीं. योगाहून रूढि बलवत्तर, हा आपल्या शास्त्रकारांचा निर्णय येथेंही लागू पडतो. घटकांवरून निघणारा अर्थ कांहींही असो, पिढ्यान् पिढ्या लोकांनीं ज्या अर्थानें शब्द उच्चारला, तोच त्याचा अर्थ. एक प्रतिभावान कवि चुकला, एक टीकाकार त्याच्या पाठीशीं उभा राहिला, एका लोकप्रिय कादंबरीकारानें तो घरोघर पोंचविला. इतक्या संस्कारांनंतर त्याला भाषेंतून हांकून लावण्याचा अधिकार व्युत्पत्तिकाराला उरत नाहीं.

परंतु काव्यांत ज्याला मानाचें पान वाढावें, त्याला इतिहासाच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करतां येत नाहीं. मध्ययुगीन वीर स्वतःच्या शौर्याला काय म्हणत, हें ‘डेरिंग-डू’ सांगूं शकत नाहीं. मागाहून आलेल्यांना तें शौर्य कसें असावेंसें वाटलें, एवढेंच तो सांगतो. ऐतिहासिक कादंबऱ्यांची गोडी असलेल्या आमच्या वाचकांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा. जुनें भासणारें सर्वच जुनें नसतें. पुष्कळदां तें आपल्या पूर्वजांनीं त्यांच्या पूर्वजांविषयीं पाहिलेलें स्वप्न असतें.