त्सुमिकी नो इए
कुनिओ कातो दिग्दर्शित जपानी अॅनिमेशनपट (२००८). लांबी सुमारे १२ मिनिटे. पाणी चढेल तसा एक विधुर म्हातारा घरावर नवा मजला बांधत राहतो. बुडालेला तंबाखूचा पाइप शोधायला पाणबुड्याचा पोशाख घालून तो खाली उतरतो, तेव्हा मजल्यामजल्यावर त्याला आपला संसार उलट्या क्रमाने भेटतो. पत्नीचे आजारपण आधी, तारुण्य सर्वांत तळाशी. हा हवामानबदलाचा इशारा आहे, असे कोणी म्हणेल. ते चूक नाही, पण अपुरे आहे: पाणी का वाढते हे चित्रपट सांगतच नाही, तो रमतो बुडालेल्या खोल्यांत. मूळ आवृत्तीत संवाद नाहीत, त्यामुळे भावना रडवेली होत नाही. अखेरीस म्हातारा दोन पेल्यांत वाइन ओततो आणि आपला पेला समोरच्या पेल्याला हलकेच भिडवतो. २००९ मध्ये या लघुपटाला ऑस्कर मिळाले.