टाचेचा शॉक: विमानापासून आपल्या तळपायापर्यंत



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक कर्जाचा अर्ज आला. अर्ज होता शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचा. कारण लिहिलं होतं, "टाचेला शॉक देणे." वाचताच हशा पिकला. एकजण म्हणाली, "मावशी, शॉक कशाला घेता? विटेवर रुईचं पान ठेवून शेका की." मावशी चिडल्या. म्हणाल्या, "मोबाईलला कर्ज देता, म्हशीला देता, मग माझ्या टाचेला का नाही? आठ महिने झाले, सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी येतं." मग कुणी हसलं नाही.

तालुक्याच्या एका दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं की हाड वाढलंय, मशीनने फुटेल, पाच बैठकांचे पैसे आधी भरा. कर्ज द्यायचं की नाही हे ठरवण्याआधी हे मशीन आलं कुठून, ते शोधायचं आम्ही ठरवलं. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, हा विजेचा शॉक नाही. शेजारच्या रानात विहिरीला सुरुंग लावला की आपल्या घरातली मांडणीवरची भांडी वाजतात ना? दगड आपल्यापर्यंत येत नाही, पण धक्का येतो. त्या धक्क्याच्या लाटेला 'शॉकवेव्ह' म्हणतात. टाचेला देतात ती तशीच, पण अगदी लहान लाट.

गंमत म्हणजे हा घोटाळा फक्त आपलाच झालेला नाही. जर्मनीत डॉर्निए नावाची विमानं बनवणारी कंपनी होती. फार वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचा थेंब आपटला तरी पत्र्याला इजा होते. ती कशी होते, याचा अभ्यास तिथले इंजिनिअर करत होते. 1966 सालची एक हकीकत सांगतात. वेगाने सोडलेली गोळी धातूवर आदळली, त्याच क्षणी एका माणसाचा हात त्या धातूला लागला होता. त्याला वीज लागल्यासारखं झालं. तपासलं तर वीज कुठेच नव्हती. धक्क्याची लाट धातूतून त्याच्या अंगात गेली होती, आणि कातडीला साधा ओरखडाही नव्हता.

मग विचार सुरू झाला. आपल्या शरीरात बहुतेक पाणीच. लाट पाण्यातून सहज जाते आणि टणक वस्तू लागली की तिथे जोर करते. मग मुतखडा असा फोडता येईल का? तोपर्यंत मोठ्या खड्यासाठी कूस चिरून ऑपरेशन करावं लागे. कंपनीचे इंजिनिअर आणि म्युनिक शहरातले डॉक्टर अनेक वर्षं यावर खपले. 7 फेब्रुवारी 1980 रोजी म्युनिकमध्ये डॉ. ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसवलं, पाण्याखाली ठिणगी पाडून लाटा तयार केल्या आणि त्या नेमक्या खड्यावर आणल्या. खड्याचा चुरा झाला आणि तो लघवीवाटे गेला. आज आपल्याकडेही जिल्ह्याच्या गावी मुतखडा लाटांनी फोडतात, त्याचं मूळ हे.

आता मुतखड्यावरून टाचेवर कसे आलो? काही खडे खाली कमरेच्या हाडाजवळ असतात. लाट तिथून गेली तर हाडाला इजा होईल का, अशी डॉक्टरांना धास्ती होती. जनावरांवर प्रयोग केले, तर उलटच दिसलं. लाटा लागलेल्या जागी हाड नव्याने भरू लागलं होतं. मग न जुळणाऱ्या मोडक्या हाडांवर लाटा वापरून पाहिल्या. 1991 साली बल्गेरियातल्या दोन डॉक्टरांनी असे अनुभव छापले. पुढे जर्मनीत खांदा, कोपर, घोट्यामागची जाड शीर आणि टाच यांच्या जुनाट दुखण्यावर लाटा देऊ लागले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मुतखड्यात लाटेचं काम फोडण्याचं आहे. टाचेत ते तसं नाही. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायाखालून एक जाड पट्टा जातो. दिवसभर फरशीवर उभं राहून, ओझं वाहून, पातळ झिजलेली चप्पल घालून तो टाचेपाशी ताणला जातो, बारीक बारीक चिरतो. रात्री तो आखडतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल जीव घेतं. डॉक्टर चिठ्ठीवर 'प्लान्टर फॅशिआयटिस' लिहितात तो हाच आजार. लाटेने त्या जागी थोडी डिवचणी होते आणि शरीर दुरुस्तीला लागतं, असा त्यामागचा विचार आहे. वाढलेलं हाड त्याने फुटत नाही, आणि फुटायची गरजही नाही. कितीतरी जणांच्या फोटोत हाड वाढलेलं दिसतं आणि त्यांची टाच कधीच दुखत नाही.

अमेरिकेच्या सरकारी खात्याने ऑक्टोबर 2000 मध्ये टाचदुखीसाठी अशा पहिल्या मशीनला परवानगी दिली. पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे डॉक्टरांनी खरी पारख केली. अर्ध्या रुग्णांना खऱ्या लाटा, अर्ध्यांना नुसतं मशीन लावायचं आणि कुणाला काय मिळालं ते रुग्णांना सांगायचं नाही. 2002 साली ऑस्ट्रेलियात 166 रुग्णांवर आणि 2003 साली जर्मनीत 272 रुग्णांवर अशी पारख झाली. दोन्हीकडे खऱ्या आणि खोट्या उपचारात फरक दिसला नाही. मग 2008 मध्ये दुसऱ्या प्रकारच्या मशीनची पारख छापून आली. हे मशीन हातात धरून टकटक ठोके देतं, आणि आज लहान दवाखान्यांत बहुतेक हेच असतं. त्यात खऱ्या लाटा घेतलेल्या शंभरातल्या 61 जणांना बरं वाटलं आणि खोट्या घेतलेल्या शंभरातल्या 42 जणांनाही.

मैत्रिणींनो, हिशेब तर आपल्याला चांगला कळतो. 61 वजा 42. म्हणजे शंभरात 19 जणांना मशीनचा खरा फायदा झाला. हा उपचार थोतांड नाही, पण जादूही नाही. सहा महिने साधे उपाय करूनही दुखणं हटत नसेल, तेव्हाचा तो उपाय आहे.

साधा उपाय कोणता? 2003 साली अमेरिकेत आणखी एक अभ्यास छापून आला. त्यात जुनी टाचदुखी असलेल्यांना बिनपैशाचा व्यायाम दिला होता. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी बसायचं. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा. पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढायची, तळपायाचा पट्टा ताणलेला हाताला लागला पाहिजे. दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा या बायाबापड्यांना जास्त आराम पडला.

मावशींना आठ महिन्यांत हे कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे साखर तपासली, पाय तपासले. व्यायाम दाखवला, जाड मऊ तळाची चप्पल घ्यायला सांगितली, आणि फोडणी देताना, भाजी निवडताना जमेल तेव्हा बसायला सांगितलं. शाळेच्या स्वयंपाकघरात उंच स्टूल नव्हतं. ते आम्ही बोलून मिळवलं.

तुमच्यापैकी कुणी हा उपचार घेणार असाल तर आधी विचारा. आजार नक्की कोणता? किती बैठका, प्रत्येकीचे किती? एका बैठकीनंतर थांबले तर उरलेले पैसे परत मिळतील का? पोटात बाळ असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा त्या जागी गाठ अथवा पू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पायाला मुंग्या येत असतील, साखर असेल, तर विटेचा शेकही घेऊ नका, भाजलेलं कळत नाही. आणि एकच पोटरी अचानक सुजली, लाल आणि गरम झाली, तर ते टाचेचं दुखणं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कर्जाचं काय झालं? आम्ही ते मंजूर केलं. टाच ही म्हशीइतकीच कमावती आहे, हे मावशींचं म्हणणं सगळ्यांना पटलं. पण मावशींनी पैसे अजून उचलले नाहीत. चार महिने व्यायाम चालू आहे. सकाळची कळ पूर्ण गेलेली नाही, पण डोळ्यांत पाणी येत नाही. दिवाळीनंतर ठरवते, म्हणाल्या. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे सहीची जागा आम्ही मोकळी ठेवली आहे.